कागदी कॅरेक्टर-खेळणी स्वतः रेखाटून मित्रांना पाठवायची आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रेखाटलेली घुबडं, मांजरं आणि जाड भुवयांचा एक अंतराळवीर आज कितीतरी मित्रमैत्रिणींच्या टेबलांवर उभे आहेत. फाइल मी पाठवली. छापणं, कापणं, घड्या घालणं, चिकटवणं त्यांनी केलं. खेळणं इतक्या हातांतून जाताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, ते इथे एकत्र मांडते आहे. माझी कसोटी एकच आहे: मी शेजारी नसताना, मला एकदाही न विचारता मित्राला ते जोडता आलं पाहिजे. खालची बहुतेक उत्तरं त्या कसोटीतूनच निघाली आहेत.

मला चित्रं फारशी चांगली काढता येत नाहीत. तरी जमेल का?

जमेल. निम्मं काम पट्टी-पेन्सिलीचं असतं. चेहऱ्याला दोन ठिपके आणि एक रेघही पुरते. मेहनत लागते ती मोजमापाला, आणि मोजमाप कुणालाही शिकता येतं.

पहिलं कॅरेक्टर कोणत्या आकाराचं करावं?

दोन खोकी घ्या: एक डोक्याचं, एक धडाचं. शाळेत भूमितीच्या तासाला घनाची घडण काढली असेल, म्हणजे घन उलगडून सपाट केल्यावर दिसणारी सहा चौरसांची आकृती. कागदी खेळण्याच्या मुळाशी तीच घडण असते, तिच्यावर फक्त नाक-डोळे चढतात.

घनाच्या वेगवेगळ्या घडणी ११ आहेत, पण कॅरेक्टरसाठी सगळ्या सारख्या सोयीच्या नाहीत. मी चेहऱ्याचा चौरस मधोमध ठेवते. दोन्ही गाल त्याच्या डाव्या-उजव्या बाजूंना, डोक्याचं झाकण वरच्या बाजूला आणि हनुवटीखालचा भाग खालच्या बाजूला जोडलेला ठेवते. पाठीचा चौरस एका गालाला लागून येतो. असं केलं की समोरच्या चारही कडा घडीच्या राहतात. चिकटवलेला एकही जोड चेहऱ्यालगत येत नाही आणि केस कपाळावरून वर, गालांवरून मागे सलग रंगवता येतात.

घनाला १२ कडा असतात. घडणीत त्यांपैकी ५ घडीच्या रूपाने आधीच जोडलेल्या असतात, उरलेल्या ७ चिकटवाव्या लागतात. म्हणजे ७ टॅब, गोंद लावून आत चिकटवायच्या अरुंद पट्ट्या, हव्यात. एका तुकड्यातून बनणाऱ्या कोणत्याही बंद आकाराला हाच हिशेब लागू पडतो: पृष्ठं मोजा, त्यांतून एक वजा करा आणि आलेली संख्या एकूण कडांतून वजा करा. रेखाटन झालं की मी टॅब मोजून या आकड्याशी ताडते. एखादा टॅब विसरला असेल तर तिथेच कळतं.

जाता जाता एक सांगते. घनाकृती अशा उलगडून कागदावर मांडायची रीत आल्ब्रेश्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराने १५२५ साली छापलेल्या भूमितीच्या पुस्तकात दाखवली होती. आणि सपाट पृष्ठांची, कुठेही खड्डा नसलेली प्रत्येक घनाकृती कडांवर कापून, भाग एकमेकांवर न चढता, एकसंध उलगडता येतेच का, हा प्रश्न गणितज्ञांना आजही सुटलेला नाही. आपल्या खोक्यांना ती अडचण नाही, पण हातातल्या कागदाच्या तुकड्यात एवढा खोल प्रश्न दडलाय, हे मला दर वेळी नवल वाटतं.

खोकं ते खोकंच दिसतं. त्यात जीव कसा आणायचा?

आधी बाह्यरेषा बघा. कॅरेक्टर पूर्ण काळं रंगवलं तरी ओळखू येईल का, हे स्वतःला विचारा. खोक्याची बाह्यरेषा चौकोनीच राहणार, म्हणून वेगळेपणा बाहेर चिकटणाऱ्या सपाट भागांतून आणावा लागतो: कान, शेपूट, टोपी, पंख, पिसांचा तुरा. हे भाग एकाच कागदाचे नकोत. दोन बाजू छापून, पाठीला पाठ चिकटवून दुहेरी करा. मागून पांढरा दिसणारा कान सगळी मजा घालवतो.

मग डोळे. ते चेहऱ्याच्या मध्यरेषेच्या खाली आणि एकमेकांपासून लांब ठेवले की कॅरेक्टर बाळासारखं, गोड वाटतं. मोठं कपाळ आणि खाली असलेले मोठे डोळे पाहिले की आपल्याला माया वाटते, हे कोनराड लॉरेन्झ या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने १९४३ मध्ये मांडलं होतं. डोकं धडाहून मोठं ठेवायचं कारणही हेच.

तिसरी गोष्ट मला फार उशिरा उमगली. चित्राला कडेवरून वळू द्या. खिशाची कड पोटावरून कुशीकडे जाऊ द्या, मिशा गालावर पोहोचू द्या. प्रत्येक पृष्ठावर वेगळं चित्र काढलं की डोळ्याला सहा चौकोन दिसतात. चित्र वळलं की शरीर दिसतं.

डोकं गोल करायचं असेल तर?

कागद वाकतो, पण ताणला जात नाही. म्हणून सपाट कागदाचा खराखुरा गोल होत नाही. सुरकुत्या पडतात किंवा फाटतो. गाऊस या जर्मन गणितज्ञाने १८२७ मध्ये हे गणिताने सिद्ध केलं. पृथ्वीचा गोल बनवणारे त्यावर तोडगा म्हणून नकाशा लांबट पाकळ्यांत छापून चिकटवतात. तुम्हीही ८ किंवा १२ पाकळ्यांचं डोकं करू शकता, पण टोकाशी सगळ्या पाकळ्या जुळवताना मित्राचा जीव मेटाकुटीला येईल. माझा सल्ला असा, की गोलाचा आभास वृत्तचिती आणि शंकूतून निर्माण करा.

वृत्तचितीसाठी आयताची लांबी म्हणजे व्यास गुणिले ३.१४. व्यास ५० मिलिमीटर असेल तर १५७ मिलिमीटर आणि शिवाय टॅब. शंकूच्या टोपीसाठी वर्तुळपाकळी कापायची. तिचा कोन म्हणजे ३६० गुणिले तळाची त्रिज्या भागिले तिरकस उंची. तळाची त्रिज्या २० आणि तिरकस उंची ६० असेल तर कोन १२० अंश. तिरकस उंची ४० केली तर बरोबर अर्धवर्तुळ लागतं.

वळवायचा भाग चिकटवण्याआधी टेबलाच्या काठावरून ओढून किंवा पेन्सिलीभोवती गुंडाळून त्याला आधीच वळण द्यायला सांगा. नाहीतर कागद सपाट व्हायला बघतो आणि जोड सुटतो.

हाताने काढू की संगणकावर?

पहिला नमुना आलेखाच्या कागदावर हाताने. हाताने काढताना कोणती बाजू कुणाला भिडणार हे डोक्यात पक्कं बसतं. वाटायची फाइल मात्र संगणकावर करा, आणि तीही व्हेक्टर पद्धतीच्या प्रोग्रॅममध्ये, कारण तिथे रेघेची लांबी मिलिमीटरमध्ये टाकता येते आणि मोठं केलं तरी रेघ फाटत नाही. इंकस्केप मोफत आहे आणि या कामाला पुरून उरतो. चेहरा चित्रकलेच्या ॲपमध्ये रंगवून आणणार असाल तर ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके ठेवून, काम करा; पूर्ण ए-४ पानाला ते २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतात.

गुंतागुंतीचा प्राणी थ्रीडीमध्ये घडवून त्याची घडण आपोआप उलगडून देणारी साधनंही आहेत. पेपाकुरा डिझायनर हे त्यासाठीच बनलेलं आहे, आणि ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅमला कागदी मॉडेल बाहेर काढणारं ॲड-ऑन (जोड-साधन) मिळतं. ती उपयोगी आहेत, पण यंत्राने उलगडलेली घडण तशीच पाठवू नका. यंत्राला जोडणाऱ्याची बोटं दिसत नाहीत. ते चेहऱ्यावरून जोड नेतं, ४ मिलिमीटरचे त्रिकोण सुटे काढतं. तुकडे हाताने पुन्हा जुळवून घ्या, कमी करा.

टॅब किती रुंद ठेवायचे आणि कुठे?

या प्रश्नावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, म्हणून उत्तरही लांब आहे.

तळहाताएवढ्या खेळण्याला ६ ते ७ मिलिमीटर रुंदीचे टॅब बरे पडतात. अगदी छोट्या भागांना ४ चालतात, त्याखाली बोटाची पकडच बसत नाही. टॅबचा आकार समलंब चौकोनासारखा, दोन्ही टोकं साधारण ४५ अंशांत तिरपी कापलेली ठेवा, म्हणजे आत दोन टॅब एकमेकांवर चढत नाहीत. शेजारचा कोन अरुंद असेल तर टोक आणखी तिरपं करा. वळणाऱ्या कडेवर एकच लांब टॅब चालत नाही. तिथे दातेरी, छोटे छोटे त्रिकोणी टॅब लागतात.

कोणत्या कडेला टॅब द्यायचा हे ठरवताना एकच प्रश्न विचारा: हा टॅब चिकटवताना आतून बोट पोहोचेल का? खोक्याची पहिली पाच पृष्ठं उभी राहीपर्यंत आतून दाब देता येतो. शेवटचं झाकण बंद करताना आत कुणाचंच बोट नसतं. म्हणून शेवटी बंद होणारी बाजू न दिसणारी हवी, डोक्याची असेल तर हनुवटीखालची, धडाची असेल तर तळाची. आणि तिचे टॅब झाकणालाच जोडलेले हवेत, म्हणजे गोंद लावून ते आत सारता येतात आणि बाहेरून कड दाबता येते.

मी अनेकदा तळ पूर्ण बंद करतच नाही. मधे बोटाएवढं भोक ठेवते. तिथून पेन्सिलीचं मागचं टोक आत घालून प्रत्येक टॅब दाबता येतो. टेबलावर उभ्या असलेल्या घुबडाचा तळ कुणी बघत नाही.

प्रत्येक टॅबवर क्रमांक घाला आणि तो जिथे चिकटणार त्या कडेजवळ, आतल्या न दिसणाऱ्या बाजूला, तोच क्रमांक द्या. एकाच बाजूने छापत असाल तर टॅबवरचा क्रमांक पुरतो, पण मग सूचनांच्या पानावर पूर्ण घडणीचं छोटं चित्र काढून त्यात दोन्ही क्रमांक दाखवा.

कापायची आणि घडीची रेघ वेगळी कशी दाखवू?

कापायची रेघ अखंड, घडीची तुटक. उभार बाहेर येईल अशी डोंगरघडी आणि खाच आत जाईल अशी दरीघडी यांच्या खुणा वेगवेगळे डिझायनर वेगवेगळ्या वापरतात. म्हणून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात खुणांचा अर्थ लिहा, मित्राला माहीत असेल असं धरू नका. रेघा बारीक आणि करड्या ठेवा. जाड काळी रेघ खेळणं तयार झाल्यावरही कडेवर दिसत राहते.

आणखी एक युक्ती आहे. घडीची रेघ रंगीत भागातून नेण्याऐवजी रेघेची दोन टोकं घडणीच्या बाहेर छोट्या खुणांनी दाखवा. कापण्याआधी त्या खुणांवर पट्टी ठेवून घडी आखून घेता येते आणि चेहऱ्यावर एकही तुटक रेघ उरत नाही.

घडी सरळ का येत नाही?

आधी दाबून आखली नसेल. शाई संपलेलं बॉलपेन पट्टीला लावून रेघेवरून फिरवायचं, मग घडी घालायची. कापण्याआधी सगळ्या घड्या आखून घ्या, कारण पूर्ण पान हातात असताना पट्टी नीट बसते.

कोणता कागद सांगू?

मित्राला "जाड कागद" एवढंच सांगितलं की तो एकतर नेहमीचा कागद घेतो किंवा पुठ्ठा. आकडा द्या. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. नेहमीचा छपाईचा कागद ८० जीएसएमच्या आसपास असतो. तो पहिल्या चाचणीला ठीक, खेळण्याला लेचापेचा. १६० ते २०० जीएसएम हा माझा आवडता पट्टा आहे. बारीक वळणं असतील तर १२० ते १६०. २२० च्या वर घरातले बरेच प्रिंटर कागद ओढताना अडखळतात. चकचकीत फोटो-कागद टाळा, त्यावर घडीला भेगा पडतात आणि गोंद धरत नाही.

कागदाला धाग्याची दिशाही असते. पान एकदा लांबीतून आणि एकदा रुंदीतून हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकतं, त्या घडीला समांतर धागा असतो. वृत्तचितीसारखे वळणारे भाग पानावर मांडताना त्यांचा अक्ष धाग्याला समांतर ठेवा. ए-४ कागदात धागा बहुतेक वेळा पानाच्या लांबीच्या दिशेने जातो, म्हणून मी पाय आणि हात पानावर उभेच मांडते.

पान ए-४ करू की लेटर?

मित्र कुठे कुठे आहेत यावर ठरतं. ए-४ पान २१० बाय २९७ मिलिमीटर असतं. अमेरिकेत आणि कॅनडात चालणारं लेटर पान २१६ बाय २७९. एक थोडं लांब, दुसरं थोडं रुंद. घरचे बहुतेक प्रिंटर अगदी काठापर्यंत छापत नाहीत, म्हणून मी सगळे भाग १९० बाय २५५ मिलिमीटरच्या चौकटीत बसवते. ही चौकट दोन्ही पानांवर नीट मावते आणि दोन वेगळ्या फाइली कराव्या लागत नाहीत.

मित्राने छापल्यावर माप बदलतं. का?

प्रिंटच्या खिडकीत "पानात बसवा" हा पर्याय निवडलेला असतो म्हणून. प्रिंटर चित्र ३-४ टक्क्यांनी आक्रसून छापतो. सगळी पानं सारखीच आक्रसली तर खेळणं थोडं लहान होतं, पण जुळतं. गोंधळ होतो तो काही पानं एका मापाने आणि काही दुसऱ्या मापाने छापली तर. माझ्या एका मैत्रिणीचं घुबडाच्या डोक्याचं पान खराब झालं. तिने ते नंतर दुसऱ्या प्रिंटरवर छापलं. धडाची मान ४० मिलिमीटर होती आणि डोक्यातली खोबण ३८.८ झाली. एवढ्याशा फरकाने मान आत जाईना, आणि ती बिचारी तासभर आपलंच काही चुकलं म्हणून शोधत बसली.

तेव्हापासून मी प्रत्येक पानावर बरोबर ५० मिलिमीटर बाजूचा चौरस छापते. शेजारी एक ओळ असते: "मूळ आकारात, १०० टक्क्यांवर छापा. हा चौरस पट्टीने मोजा, ५० भरला नाही तर कापू नका."

रंगाच्या कडांना पांढरं दिसतं. काय करू?

दोन वेगळी कारणं असतात. पहिलं म्हणजे कात्री रेघेच्या जरा बाहेरून जाते. त्यासाठी रंग कापायच्या रेघेच्या बाहेर २-३ मिलिमीटर वाहू द्या आणि टॅबवरही थोडा चढवा; जोड किंचित उघडा राहिला तरी फटीतून पांढरं डोकावत नाही. टॅब पूर्ण रंगवू नका, कोऱ्या कागदावर गोंद जास्त चांगला धरतो.

दुसरं कारण कागदाची कापलेली कड. ती पांढरीच असणार. त्याच रंगाचं स्केचपेन चिकटवण्याआधी कडेवरून फिरवलं की खेळण्याचं रूप पालटतं. ही ओळ सूचनांत जरूर घाला. या पाच मिनिटांच्या कामाइतका मोठा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

लेझर प्रिंटरचा टोनर कागदावर थरासारखा बसतो, त्यामुळे गडद रंगाच्या घडीवर तो तडकतो. इंकजेटची शाई कागदात मुरते, तडकत नाही, पण ओल्या गोंदाने बरेचदा फुटते. दोन्हींवर एकच उपाय मला पटला आहे: घडीच्या कडांवर अगदी गडद, सलग रंग नको. काळं मांजर करायचंच असेल तर गडद करडं करा, शाईही वाचते.

गोंद कोणता?

पांढरा डिंक, टूथपिकच्या टोकाने, अगदी पातळ थर. भसाभस लावला की कागद ओला होऊन वाकतो. ग्लू स्टिक मोठ्या सपाट भागांना छान, अरुंद टॅबना नाही.

गोंदाशिवाय जोडता येईल असं करता येतं का?

येतं, आणि लहान मित्रमंडळींसाठी ते उत्तम. एका भागाला जीभ, दुसऱ्याला चीर. जिभेचं टोक चिरेपेक्षा जरा रुंद आणि मान अरुंद ठेवली की ती आत गेल्यावर परत निसटत नाही. २०० जीएसएम कागद साधारण पाव मिलिमीटर जाड असतो, म्हणून चिरेची नुसती रेघ पुरत नाही. अर्धा मिलिमीटर रुंद फट ठेवा. एकात एक बसणाऱ्या खोक्यांनाही हाच नियम लागतो: आतलं खोकं प्रत्येक बाजूने अर्धा मिलिमीटर लहान.

कॅरेक्टर पुढे कोसळतं.

८० जीएसएमचं ए-४ पान ५ ग्रॅम भरतं, २०० जीएसएमचं साडेबारा. एका पानातून झालेलं अख्खं खेळणं एवढंच हलकं असतं आणि त्यातलं बहुतेक वजन मोठ्या डोक्यात जातं. पाय पुढे लांब करा, शेपटीला तिसरा पाय बनवा किंवा बंद करण्याआधी पायाच्या खोक्यात एक नाणं चिकटवायला सांगा.

मित्रांना पाठवण्याआधी काय तपासू?

आधी रंग न भरता, साध्या कागदावर पांढरा नमुना जोडा. त्यात मापाच्या चुका दिसतात. त्या दुरुस्त करून दुसरा पांढरा नमुना. तो नीट जुळला की मगच चेहरा रंगवा. उलट क्रमाने गेलात तर सुंदर रंगवलेली घडण मोडून पुन्हा काढायचं जिवावर येतं आणि चूक तशीच पुढे जाते.

मग रंगीत नमुना दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या आणि समोर गप्प बसा. हे गप्प बसणं अवघड आहे. त्याचा हात कुठे थांबतो, तो पान कुठे उलटून बघतो, कोणता टॅब दोनदा लावतो, हे फक्त टिपून घ्या. तो जिथे थांबला तिथे तुमच्या रेखाटनात काहीतरी कमी आहे. मी एकदा असं बघताना पाहिलं, की माझा मित्र घुबडाचे पंख आधी चिकटवतोय, आणि मग पंखांमुळे धडाची मागची कड दाबायला जागाच राहत नाही. सूचनांत क्रम लिहिलेला होता, त्याने वाचला नव्हता. कुणीच वाचत नाही. मग मी भागांच्या नावांआधीच ठळक १, २, ३ छापायला लागले आणि ती अडचण मिटली.

सूचना किती लिहायच्या?

कमी शब्द, जास्त चित्रं. डावा-उजवा हात कॅरेक्टरच्या बाजूने की बघणाऱ्याच्या, हे एकदा स्पष्ट लिहा. तयार खेळण्याचे समोरून आणि मागून असे दोन फोटो हवेतच; माझे मित्र सूचनांपेक्षा फोटोच बघतात.

फाइल कशी पाठवू?

पीडीएफ. अक्षरं आकृत्यांत बदलून टाका, म्हणजे मित्राच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. मेसेजिंग ॲपवर पानाचा फोटो म्हणून पाठवू नका. ॲप फोटो दाबून लहान करतं, मापही जातं आणि बारीक रेघाही धूसर होतात. तीच फाइल दस्तऐवज म्हणून जोडली की जशीच्या तशी पोहोचते. फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक घाला आणि तोच पानाच्या कोपऱ्यात छापा.

न रंगवलेलं टेम्प्लेटही द्यावं का?

जरूर द्या. मला तर रंगीत फाइलपेक्षा कोरी फाइल पाठवताना जास्त आनंद होतो. त्याच घडणीतून एकीने आजीचा चष्मा लावलेलं घुबड केलं, दुसऱ्याने पंखांचे पर करून मासा केला. कोऱ्या फाइलमध्ये घडी, टॅब आणि क्रमांक ठेवा, डोळ्यांची मध्यरेषा अगदी फिकट दाखवा आणि बाकी मोकळं सोडा.

सिनेमातलं किंवा कॉमिकमधलं प्रसिद्ध कॅरेक्टर केलं तर चालेल?

त्या कॅरेक्टरचे हक्क दुसऱ्या कुणाचे तरी असतात, आणि "मी फुकट वाटतोय" म्हटल्याने ते हक्क संपत नाहीत. घरच्या टेबलावर ठेवायला एक करणं वेगळं आणि फाइल सगळीकडे फिरवणं वेगळं. मी वाटायच्या फाइलींत फक्त स्वतःची कॅरेक्टर ठेवते. मित्राचं व्यंगचित्र करायचं असेल तर त्याला आधी दाखवा. त्याला आवडलं तरच इतरांना पाठवा.

माझी फाइल पुढे कुणीही विकू नये यासाठी काय करू?

पानावर नाव, साल आणि परवान्याची एक ओळ छापा. क्रिएटिव्ह कॉमन्सचे तयार परवाने यासाठी सोपे पडतात. श्रेय द्या आणि विकू नका, असं सांगायचं असेल तर सीसी बाय-एनसी. त्यात एनडी (बदल नको) जोडलं तर कुणालाही तुमचं खेळणं बदलून वाटता येत नाही, म्हणजे चष्म्याचं घुबडही पुढे जाणार नाही. ते हवं आहे का, विचार करा. एकदा दिलेला हा परवाना घेतलेल्या माणसाकडून परत काढून घेता येत नाही.

लहान-मोठं करून छापता येईल का?

मोठं, हो. ए-४ वरून ए-३ वर नेताना १४१ टक्के. बाजू दुप्पट केली तर कागद चौपट लागतो, आणि तोच कागद आता ढिला वाटतो, म्हणून जीएसएम वाढवावा लागतो. लहान करताना जपून: निम्म्या आकारात ६ मिलिमीटरचा टॅब ३ चा होतो आणि चिरा बुजतात. छोटी आवृत्ती हवी असेल तर भाग कमी करून वेगळी रेखाटा.

मुलांबरोबर करताना?

कटर मोठ्यांच्या हातात, बोथट कात्री मुलांच्या. तीन वर्षांखालच्या मुलांना नाणं किंवा सुटे छोटे भाग असलेलं खेळणं देऊ नका. मुलांसाठीच्या घडणीत आतले कोपरे टाळा. कात्रीला बाहेरचं वळण जमतं, आत शिरणारा कोन जमत नाही.

मित्र म्हणतो, "जुळत नाही." आता?

अर्धवट जोडलेल्या खेळण्याचा फोटो मागवा आणि ५० मिलिमीटरचा चौरस मोजायला सांगा. बहुतेक वेळा उत्तर या दोनांतच असतं. चौरस बरोबर भरला तर चूक माझी आहे असं धरून मी स्वतः तेच पान पुन्हा छापून जोडते. घुबडाच्या चोचीबाबत तिघांनी एकच तक्रार केली होती: टोक उघडं राहतं. मी स्वतः जोडलेल्या सहाही चोची नीट बंद झाल्या होत्या, कारण टॅब कुठे चिमटीत धरायचा हे माझ्या हाताला ठाऊक होतं. चौथ्या आवृत्तीत चोचीचा टॅब ४ वरून ७ मिलिमीटर केला आणि टोक जरा बोथट केलं. तिघांनाही नवं पान पाठवलं, फक्त चोचीचं, बाकी घुबड तसंच ठेवायला सांगून.